वर्नाच्या घराची पाहणी

सेंट क्लेमेंट, फ्लोरिडा
१९ ऑक्टोबर १९९५

प्रिय हॉलिस,

मी जिवंत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्र उघडलं की तू शेवटून वाचायला लागतोस.

वादळ बुधवारी संध्याकाळी आलं. तेव्हा मी शाळेच्या व्यायामशाळेत होते. अर्धं गाव तिथेच होतं. सव्वीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, निवृत्त झाले, आणि पुन्हा तिथेच उभी राहून दोनशे माणसांना सूप वाढलं. ल्युरलीन म्हणाली, "वर्ना, तुला सुटका नाही बघ." तुला ल्युरलीन आठवते ना? माझ्या शेजारच्या शेगडीवर असायची ती.

घरी आले तर मागच्या बाजूचे पत्रे गेले होते. स्वयंपाकघरावरचे आणि आईच्या खोलीवरचे. एक पत्रा मिस्टर बॅसच्या बोटीत सापडला. चर्चमधल्या लोकांनी वर निळी ताडपत्री बांधून दिली. सगळं गाव निळं झालंय. पुलावरून बघितलं की समुद्र कुठे संपतो तेच कळत नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नऊ दिवसांनी आला. शिडी लावली, वरून फोटो काढले, गाडीत बसून सँडविच खाल्लं आणि गेला. घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. आता त्यांचा कागद आलाय. पत्र्यांचे पैसे देतायत, तेही जुने होते म्हणून कापून. आतल्या नुकसानीबद्दल एक अक्षर नाही. आईनंतर घर आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि विमाही, म्हणून तुला कळवलं. काळजी करू नकोस. सध्या मी ल्युरलीनकडे राहते. फोन करू नकोस, तारा पडल्यात.

जेनेटला माझा नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याचं काय झालं?

तुझी
वर्नी

*

टोलेडो, ओहायो
२७ ऑक्टोबर १९९५

प्रिय वर्नी,

आत न येता आतलं नुकसान नाही असं लिहितो म्हणजे काय? चौतीस वर्षं मी काचेच्या भट्टीपुढे उभा होतो. तडा गेलेली काच मी लांबून पास केली असती तर दुसऱ्या दिवशी हातात नारळ मिळाला असता. आणि हा माणूस पगार घेतो सँडविच खायचा!

मी गप्प बसलेलो नाही. कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलंय. घराचा अर्धा मालक म्हणून मागणी केलीय, की पुन्हा माणूस पाठवा, आणि ह्या वेळी प्रत्येक खोली बघा. कपाटं, माळा, सगळं. पत्राची नक्कल सोबत जोडतो. तू फक्त दार उघडून उभी राहा. भांडायचं काम माझं.

दुसरी गोष्ट. वादळानंतर तुमच्याकडे आता घिरट्या घालणारे लोक येतील. पब्लिक अ‍ॅडजस्टर म्हणवतात स्वतःला. 'तुमच्या बाजूने आम्ही कंपनीशी भांडतो, जे मिळेल त्यातलं शंभरात दहा आम्हाला द्या.' जेनेटच्या चुलतभावाला असाच एक भेटला होता, सही घेऊन जो गेला तो गेला. कुणाच्याही कागदावर सही करू नकोस. विकतचं भांडण कशाला? घरचा माणूस आहे की.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी येतो. हत्यारं घेऊन येतो. छपराखालच्या फळ्या आपण दोघं मिळून बसवू. तू हातोडी धरशील, मी ओरडेन.

हॉलिस

*

सेंट क्लेमेंट
६ नोव्हेंबर १९९५

प्रिय हॉलिस,

तुझ्या पत्राने काम केलं. कंपनीने कळवलंय की पाच डिसेंबरला दुसरा सर्व्हेअर येईल आणि घर आतून बघेल. तू मला विचारून पत्र पाठवलं असतंस तर बरं झालं असतं. असो.

आता रागावू नकोस. सही मी आधीच केलीय. तुझं पत्र येण्याआधी चार दिवस. तिचं नाव इनेस कार्बोनेल, पब्लिक अ‍ॅडजस्टर आहे, सरकारी परवाना आहे, तो तिने न मागता दाखवला. तिने दार ठोठावलं नव्हतं. तिचा पत्ता मला पाद्रीबाईंनी दिला, त्यांच्या स्वयंपाकघराचा क्लेम तिनेच लढवला. चाळिशीची असेल. मला मिस वर्ना म्हणते आणि ओल्या फळीत नख खुपसून बघते. शंभरात दहाच घेते, ते खरं. पण मला हे एकटीने जमण्यासारखं नाही, हॉलिस. तिथे काय सांगायचं, काय नाही, ते मला कळत नाही.

विमा दोघांच्या नावावर असल्यामुळे तिच्या करारावर तुझीही सही लागते. कागद सोबत आहे. जिथे पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर.

आणि थँक्सगिव्हिंगला येऊ नकोस. पाहणी होईपर्यंत घरात कुणाला घ्यायचं नाही, काही हलवायचं नाही, असं मिस कार्बोनेलने सांगितलंय. अगदी ठणकावून. सख्खा भाऊ असला तरी. ल्युरलीनकडे जागाही नाही. वसंतात ये, तेव्हा बोईट मासा मिळतो. धुरावर भाजून घालते.

वर्नी

*

टोलेडो
१४ नोव्हेंबर १९९५

वर्नी,

सही करणार नाही.

तू लिहिलंस ते तीनदा वाचलं. एका परक्या बाईने सख्ख्या भावाला घरात यायची बंदी केली, आणि ते तू मला असं सांगतेस जसं हवामान सांगावं. मी कंपनीत फोन केला. ते म्हणाले, असा काही नियम नाही. उलट ताडपत्री बांधा, भिजलेलं बाहेर काढा, असंच ते सांगतात. मग मी तिला फोन केला. करारावर नंबर होता.

मी विचारलं, "तुम्ही घर आतून पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग मी का बघू नये?"

"ते तुमच्या बहिणीला विचारा, मिस्टर टिलरी."

"मी तुम्हाला विचारतोय."

"कळलं मला. पण ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे."

"वर्नाला घरात माणसं घेऊ नका असं तुम्ही सांगितलंत की नाही?"

तिथे ती थांबली. बराच वेळ थांबली, वर्नी. मग म्हणाली, "ह्या विषयावर मी फोनवर बोलणार नाही."

खरं बोलणाऱ्याला थांबावं लागत नाही. बोलण्यावरूनही ती आपल्याकडची वाटली नाही. मी विचारलं, मूळच्या कुठल्या, तर म्हणे, "त्याचा छपराशी काय संबंध?"

मी ओळखून चुकलोय. तुला एकटीला गाठलंय, घराच्या चाव्या तिच्याकडे असतील, आत काय चाललंय देवाला ठाऊक. मी टॅलाहॅसीला राज्याच्या विमा खात्याकडे लेखी तक्रार केलीय. म्हाताऱ्या एकट्या बाईला ताब्यात ठेवून नातेवाइकांपासून तोडलंय, असं सरळ लिहिलं. त्यांचा माणूस चौकशीला येईल. त्याला सगळं खरं खरं सांग. घाबरू नकोस.

आईने जाताना मला सांगितलं होतं, वर्नीकडे लक्ष दे. देतोय.

हॉलिस

*

पेन्साकोला, फ्लोरिडा
२९ नोव्हेंबर १९९५

मिस्टर हॉलिस टिलरी यांस,

आपल्या तक्रारीची नक्कल मला विमा खात्याकडून मिळाली. तिचं उत्तर मी खात्याला दिलं आहे. हे पत्र त्या तक्रारीबद्दल नाही. क्लेमबद्दल आहे.

आपली सही नसल्यामुळे कंपनी माझ्याशी बोलायला तयार नाही. पाच डिसेंबरची पाहणी त्यांनी जानेवारीवर ढकलली आहे. तोपर्यंत प्रत्येक पावसात घर आणखी भिजतं, आणि त्या ओलीला 'वादळानंतरची हेळसांड' म्हणायला कंपनी मोकळी होते. आपल्याला मी नको असेन तर दुसरा कोणीही परवानाधारक माणूस नेमा. नावं हवी असतील तर मी देईन. पण कोणीतरी नेमा. ह्या घराचा क्लेम सोपा नाही, आणि आपल्या बहिणीने पाहणीच्या दिवशी तिथे एकटीने उभं राहू नये असं मला वाटतं.

घराच्या चाव्या माझ्याकडे नाहीत, कधीच नव्हत्या.

चौकशीची बातमी कळल्यावर दोन गिऱ्हाइकांनी आपली कामं माझ्याकडून काढून घेतली. लहान गावं आहेत, बातमी लवकर पोचते. मी आपल्याला दोष देत नाही. बहिणीची काळजी वाटणाऱ्या माणसाने जे करावं ते आपण केलं. फोनवर मी आपल्याला समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही, आणि आजही देऊ शकत नाही. मी कुणाला तरी शब्द दिलेला आहे.

आपण विचारलं होतंत म्हणून सांगते. माझा जन्म टाम्पाचा. माझे वडीलही तिथलेच. सिगारच्या कारखान्यात होते.

आपली नम्र,
इनेस कार्बोनेल

*

सेंट क्लेमेंट
११ डिसेंबर १९९५

हॉलिस,

हे पत्र मी पाच वेळा लिहिलं. आधीची चार फाडली नाहीत, कारण मी काही फाडत नाही, टाकत नाही. तीच तर गोष्ट आहे.

मी ल्युरलीनकडे राहत नाही. एक दिवसही राहिले नाही. मी घरामागे गाडीत झोपते. ल्युरलीनला वाटतं मी घरात झोपते. घरात झोपायला जागा नाही, आणि हे वादळाने झालेलं नाही.

घर भरलंय. कसं सांगू? दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक वाट आहे, अंग चोरून, तिरकं होऊन जाण्याइतकी. बाकी सगळं भिंतीपासून छतापर्यंत आहे. वर्तमानपत्रं. शाळेतून टाकून दिलेले ताट-वाट्यांचे गठ्ठे, डबे, ग्रंथालयाने काढून टाकलेली पुस्तकं. गावात कुणी गेलं आणि मुलांनी सामान रस्त्यावर ठेवलं की मी उचलून आणायची. कुणाचे चष्मे, कुणाच्या टोप्या. आईच्या खोलीत मी सात वर्षांत गेलेले नाही, कारण दार उघडत नाही. फोनच्या तारा केव्हाच जोडल्यात. फोन आत कुठेतरी आहे. कधी कधी वाजतो, मी गाडीत बसून ऐकते. तूच करत असशील.

कारण विचारू नकोस. मीही शोधलं, सापडलं नाही. त्या ढिगात असेल.

कंपनीच्या सर्व्हेअरला मीच आत घेतलं नाही. तो बिचारा तीनदा म्हणाला, "बाई, मला आतून बघायला हवं." मी सांगितलं, आत कुत्रा आहे, चावतो. सँडविच त्याने खाल्लं ते खरं, पण ते मी कुत्रा बांधते का ह्याची वाट बघत. तू त्याच्याविरुद्ध रजिस्टर पत्र पाठवलंस, त्याची नक्कल मी ढिगात खोल खुपसली.

मग पत्र्यांपुरते पैसे आले, आणि आत छत खाली यायला लागलं. गावाच्या इमारत खात्याने दारावर कागद चिकटवला, की मार्चपर्यंत दुरुस्ती नाही झाली तर घर राहण्यायोग्य नाही असं जाहीर करतील. म्हणून मी मिस कार्बोनेलला बोलावलं. मला वाटलं, ही माझ्या बाजूची, हिला बाहेरूनच सगळं लिहिता येईल.

तिलाही कुत्र्याची गोष्ट सांगितली. ती व्हरांड्यात पायरीवर बसली, थोडा वेळ नुसती बसली. म्हणाली, "मिस वर्ना, कुत्रा नाहीये. एव्हाना भुंकला असता."

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"मी न बघता लिहू शकत नाही. खोटं लिहिलं तर तुमचा क्लेम जाईल आणि माझा परवाना. आणि मी खूप घरं पाहिलीत."

"अशी नाही," मी म्हणाले.

"अशीही."

मी दार उघडलं. जितकं उघडतं तितकं. तिने पिशवी बाहेर ठेवली, अंग तिरकं केलं आणि आत गेली. नाकाला रुमाल लावला नाही, हॉलिस. मी बघत होते, लावते का. मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. पाऊण तासाने ती बाहेर आली. गुडघे काळे, केसांत कोळिष्टकं. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, "आतलं बरंच काही वादळाने भिजलंय. बरंच काही त्याच्या आधीच कुजलेलं होतं. मी पहिलं लिहीन, दुसरं लिहिणार नाही. चालेल?"

मी म्हणाले चालेल. मग मी तिचा हात धरला आणि म्हणाले, कुणाला सांगू नका. माझ्या भावाला तर मुळीच नको. ती म्हणाली, "माझ्याकडून कुणालाही कळणार नाही."

त्यानंतर चार दिवस ती येऊन, रांगत आत जाऊन, एकेक गोष्टीची यादी करत होती. आणि त्याच आठवड्यात मी तुला लिहिलं, की तिने घरात कुणाला घ्यायला बंदी केलीय. तू येऊ नयेस म्हणून. सोपं होतं. एकच ओळ तर होती.

आता सगळ्यात वाईट ऐक. एक डिसेंबरला विमा खात्याचे मिस्टर बाऊडन आले. टोपी काढून व्हरांड्यात उभे. तुझी तक्रार त्यांच्या हातात. त्यांनी विचारलं, "मिस वर्ना, ह्या बाईंनी तुम्हाला घरात कुणाला घेऊ नका असं सांगितलं होतं का?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. नाही म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मग मी आत येऊ का?

मी म्हणाले, "हो. तिनेच सांगितलं."

त्यांनी लिहून घेतलं. विचारलं, "भावाला भेटू नका असंही?" मी म्हणाले, "तसंच काहीसं." मला पाय दिसत होते त्यांचे, बूट स्वच्छ होते. मी मनात म्हणत होते, जा, जा आता. ते गेले.

दोन दिवसांनी तिची गाडी आली. ती उतरली नाही. काच खाली करून तिने यादीची पानं माझ्या हातात दिली, सव्वीस पानं, सगळी हाताने लिहिलेली. म्हणाली, "मिस्टर बाऊडन मला भेटले." मी वाट बघत होते, आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "ही तपासून ठेवा. जानेवारीत लागतील." आणि गेली. तिने त्यांना अजूनही सांगितलेलं नाही, हॉलिस. घराबद्दल. तिचा परवाना जायची वेळ आलीय आणि तिने मला दिलेला शब्द पाळलाय. त्याला आठ दिवस झाले. आठ दिवस मी गप्प होते. ती पानं मी गाडीत उशाला घेऊन झोपते.

उद्या मी टॅलाहॅसीला जाते, बसने. मिस्टर बाऊडनना सांगणार आहे, आणि म्हणणार आहे, चला, घर बघा. आधी तुला कळवायचं होतं. तुला कळलं की मग मला परत फिरता येणार नाही, म्हणून हे पत्र आत्ता पोस्टात टाकते आणि मग बसमध्ये बसते.

तुला उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर नको देऊस.

वर्ना

*

टोलेडो
२० डिसेंबर १९९५

वर्नी,

करारावर सही केली, फुली होती तिथे. मिस कार्बोनेलला काल पाठवली. टॅलाहॅसीला तक्रार मागे घेतल्याचं पत्र दिलं, त्यात लिहिलं की मी न बघता आरोप केले. मिस कार्बोनेललाही लिहिलं. ते पत्र बरं जमलं नाही. जेनेट म्हणाली, "माफी मागतोयस की बिल भरतोयस?" तसंच पाठवलं. आणखी चांगलं मला येत नाही.

तू मला खरं सांगितलंस. आता माझं ऐक.

मला माहीत होतं.

आई गेली त्या वर्षी, अंत्यविधीनंतर सगळी माणसं चर्चच्या हॉलमध्ये जेवत होती. मी आईचं बायबल आणायला घरी आलो. दार उघडत नव्हतं, आतून काहीतरी अडत होतं. मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा तुझं इतकं नसेल, पण खिडकीच्या निम्म्यापर्यंत होतं. मी बघितलं आणि परत गेलो. तुला म्हणालो, बायबल सापडलं नाही. त्या रात्री मोटेलमध्ये राहिलो, पाठीला कडक गादी लागते असं सांगून. माझी पाठ ठणठणीत आहे.

जेनेटला सांगितलं, वर्नीकडे जागा लहान आहे.

अकरा वर्षं मी तुला पत्रात लिहितोय, येतो, येतो. दर वेळी तू नको म्हणतेस आणि मला सुटल्यासारखं होतं. ह्या वेळीही येतो लिहिलं ते त्याच भरवशावर. तू नको म्हणालीस, पण कारण दुसऱ्या कुणाचं दिलंस, आणि मला चिडायला एक माणूस मिळाला. कंपनीचा मिळाला, मग ती बाई मिळाली. त्या दोघांवर मी जितका ओरडलो तितकं मला बरं वाटत होतं. तिने फोनवर थांबून उत्तर दिलं नाही तेव्हाच मला आतून कळलं होतं ती का थांबली. आणि तरी मी पाकीट घेऊन पोस्टात गेलो.

मला तुझी लाज वाटली होती, वर्नी. हे लिहायला मला पाऊण तास लागला. आता माझी वाटते, पण ती उशिराची आहे.

गाडीत झोपू नकोस. ल्युरलीनला सांग. सोबत पाठवतोय त्यात जाड रजई आहे, जेनेटने निवडली.

हॉलिस

*

सेंट क्लेमेंट
४ फेब्रुवारी १९९६

प्रिय हॉलिस,

रजई मिळाली. ल्युरलीनच्या सोफ्यावर ती पांघरून लिहिते. खरंच तिच्याकडे आहे ह्या वेळी. तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं तुला मी आवडत नाही, म्हणून घरी बोलावत नाहीस." अठ्ठावीस वर्षं तिला तसं वाटत होतं.

पाहणी झाली. तारीख दोनदा बदलली आणि शेवटी सव्वीस जानेवारीला ते आले. कंपनीने नवा सर्व्हेअर पाठवला, तरुण होता, त्याने आत डोकावून "अरे देवा" म्हटलं आणि लगेच माझ्याकडे बघून लाल झाला. मिस्टर बाऊडनही आले होते. ते व्हरांड्यातच थांबले, टोपी हातात धरून. आणि मिस कार्बोनेल, मी परत दिलेली तिची सव्वीस पानं घेऊन.

मला वाटलं होतं मी बाहेर उभी राहीन. ती म्हणाली, "मिस वर्ना, तुम्हाला आत यावं लागेल. घर तुमचं आहे. कोणतं केव्हाचं ते तुम्हीच सांगू शकता."

मग तसंच झालं. ती बोट दाखवायची, तो तरुण फोटो काढायचा, आणि मी सांगायचं. वादळातलं. आधीचं. आधीचं. स्वयंपाकघराचं छत, वादळातलं. खालची फळी, आधीची, नळ गळायचा आणि मला प्लंबरला आत घ्यायचं नव्हतं. आईच्या खोलीचं दार त्यांनी पहारीने उघडलं. आईचा पलंग मला ओळखू आला नाही. तो तरुण वाट बघत होता. एक खोटं बोलले असते तर कुणाला कळलं नसतं, एवढंच नाही, पैसे बरेच जास्त आले असते. मी म्हणाले, आधीचं. माझा आवाज त्या खोलीत इतका मोठा वाटला, की बाहेर मिस्टर बाऊडननी ऐकलं असणार.

चार तास लागले. शेवटी मला लाजही वाटेना, इतकी थकले होते. वाटलं होतं ती संपली. घरी, म्हणजे ल्युरलीनकडे, येऊन हात धुतले तेव्हा परत आली.

कंपनीने गेल्या आठवड्यात मान्य केलं. छप्पर, दोन छतं, मागची भिंत. आतलं सामान बहुतेक नाही, आणि ते बरोबर आहे. दुरुस्तीला पुरेल. इमारत खात्याने मुदत वाढवून दिली. मिस कार्बोनेलवरची चौकशी बंद झाली, तसं लेखी आलं. पण सोडून गेलेली ती दोन कामं तिला परत मिळाली नाहीत, आणि त्यांतलं एक मोठं होतं, हॉटेलचं.

पाहणीच्या दिवशी निघताना मी तिच्या गाडीपाशी गेले. तोंडपाठ करून ठेवलं होतं, तरी भलतंच बोलले. मी म्हणाले, "तुम्ही मिस्टर बाऊडनना घराबद्दल सांगू शकला असता. त्यांना सांगून मोकळं होऊ शकला असता."

ती म्हणाली, "हो."

"मग का नाही?"

"शब्द दिला होता म्हणून. तुमच्यासाठी नाही, मिस वर्ना. तो प्रश्न तुम्हाला विचारला गेला तेव्हा मी तुमच्याच घराची यादी करत बसले होते. ते मला विसरता येईल असं वाटत नाही."

मी म्हणाले, मला माफ करा. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. तुझं पत्र पोचल्याचं म्हणाली, बाकी काही नाही. तिचं काम संपलं की शेवटचे कागद पोस्टाने येतील. ती येणार नाही. मी कॉफीला थांबा म्हणाले होते, तर म्हणाली पेन्साकोला लांब आहे. सव्वा तासाचा रस्ता आहे, हॉलिस.

तू ते खिडकीचं लिहिलंस ते मी जेनेटच्या रजईत बसून वाचलं. मला राग आला. मग मला आठवलं, तू त्या दिवशी हॉलमध्ये परत आलास तेव्हा माझ्या ताटात तुझ्या हाताने कोळंबी वाढली होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतास. मला तेव्हाच कळलं होतं. मीही अकरा वर्षं न कळल्यासारखं केलं.

काम सोमवारपासून सुरू आहे. आधी आतलं बाहेर काढायचं, मग छप्पर. ल्युरलीन आणि चर्चमधल्या तिघी रोज दोन तास येतात. मी प्रत्येक पिशवीपाशी उभी राहते आणि दर वेळी वाटतं, ही नको, ही राहू दे. परवा एका टोपीवरून मी ल्युरलीनवर ओरडले. टोपी कुणाची तेही मला माहीत नाही. तिने ती माझ्या डोक्यावर ठेवली आणि पुढची पिशवी उचलली.

तू लिहिलंस की सतराला येतोस. ह्या वेळी मी नको म्हणणार नाही. तीनदा कागदावर लिहून खोडलं, पण म्हणणार नाही. मी स्टँडवर येत नाही. घरीच थांबते. पुढची खोली अर्धी मोकळी झालीय, दोन खुर्च्या मांडता येतात.

तू येशील, ठोठावशील. मला दार उघडायला वेळ लागेल. मी आतच असेन, दाराच्या अगदी मागे उभी. हाक मारू नकोस, खिडकीकडे जाऊ नकोस. नुसता थांब.

मी उघडीन.

वर्नी